पार्लरवाल्या बायांनो, त्या बिननावाच्या डब्या बाहेर काढा

आपल्या तालुक्यातल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या सगळ्या पार्लरवाल्या ताई-वहिनींना,

सप्रेम नमस्कार.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं पार्लर आहे. सतरा वर्षं झाली. बचत गटाच्या कर्जातून एक खुर्ची, एक आरसा आणि दोऱ्याची रिळं घेऊन सुरुवात केली होती. तुमच्यापैकी निम्म्या जणी मला ओळखता. चार-पाच जणी तर माझ्याचकडे दोरा धरायला शिकलात. म्हणून हे पत्र कलेक्टरसाहेबांना नाही, मंत्र्यांना नाही, तुम्हाला लिहिते आहे. त्यांना लिहिलेलं आवक-जावकच्या रजिस्टरात जाऊन झोपतं. हे आपल्या ग्रुपवर फिरेल, आणि फिरावंच.

आधीच सांगून टाकते. जे करू नका म्हणून मी सांगणार आहे, ते सगळं मी केलेलं आहे. साळसूदपणाचा आव आणून लिहीत नाही.

गोरं करणाऱ्या क्रीमची पहिली डबी मी २०१९ च्या दिवाळीआधी विकली. दुचाकीवर माल घेऊन येणारा पोरगा तुम्हालाही ठाऊक असेल, हा नाही तर त्याच्यासारखा दुसरा. बॅगेत वर नेलपेंट, ब्लीचची पाकिटं, वॅक्सचे डबे, आणि खाली कापडात गुंडाळलेल्या डब्या. पांढरी प्लास्टिकची डबी, झाकणावर निळ्या मार्करनं ‘नाइट’ लिहिलेलं. ना कंपनीचं नाव, ना लायसन्स नंबर, ना तारीख. “ताई, आठ दिवसांत रिझल्ट. नाही आला तर पैसे वापस.” मला नव्वदला पडायची, मी अडीचशेला द्यायची. पैसे वापस मागायला एकही बाई आली नाही, कारण आठ दिवसांत रिझल्ट खरंच यायचा. सगळी गोम तिथंच होती.

एक पोट्टी होती. रंगानं सावळी, नाकीडोळी नीटस, बी.ए. झालेली. दोन जागचे पाहुणे पोहे खाऊन “कळवतो” म्हणून गेले ते गेलेच. तिसऱ्या खेपेआधी तिची आई तिला माझ्याकडे घेऊन आली. सोयाबीन निघाल्यापासून तिनं माझी डबी लावायला घेतली. स्थळ जमलं. साक्षगंधाच्या दिवशी बाया एकमेकींना कोपर मारून म्हणत होत्या, “मायबाई, कशी चमकून राह्यली पोट्टी!” मी मांडवात उभी, मनातून फुगलेली. वैशाखात लग्न झालं. सासर पुसदकडच्या खेड्यात. तिथं डबी मिळेना, आणि नव्या सुनेनं मागायची कुणाकडं? लावणं बंद झालं.

आषाढात ती माहेरी आली आणि दुपट्ट्यानं तोंड बांधून माझ्याकडं आली. दुपट्टा सोडला तर मला आधी ओळखूच येईना. गाल लालभडक, बारीक बारीक फोड. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आतल्या लाल शिरांचं जाळं वरून दिसत होतं. कानापासून हनुवटीपर्यंत काळी लव आलेली. म्हणाली, “ताई, साधं पाणी लागलं तरी आग होते. पण ते राहू द्या, आधी हे केस काढून द्या. सासू म्हणते, दाढीवाली पोट्टी गळ्यात मारली.”

मी सवयीनं दोरा घेतला. पहिल्याच ओढीला कातडी सोलून निघाली आणि रक्ताचे टिपके आले. दोरा तसाच ठेवला.

त्या खुर्चीमागं उभं राहून मला पहिल्यांदा हिशेब कळला. त्या वर्षात गालावर केस वाढले म्हणून वॅक्स करायला येणाऱ्या पोरी एकदम वाढल्या होत्या, आणि मी समजत होते की धंदा वाढतोय. केस माझीच डबी उगवत होती, आणि काढायचे पैसेही मीच घेत होते.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला गेले. चर्मरोगाच्या ओपीडीत रांग लागली होती, आणि रांगेत अशाच तोंड बांधलेल्या तीन जणी होत्या. डॉक्टरबाईंनी डबी पाहिली, तिच्या गालावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, “तुम्ही कोण, आई?” मी म्हटलं, “नाही, मी विकणारी.” त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. तिथं ऐकलं आणि नंतर स्वतः वाचलं ते तुमच्यासाठी लिहिते, कारण आपल्याला हे कुणी शिकवलंच नाही. सहा आठवड्यांच्या कोर्समध्ये आयब्रोचा आकार शिकवला, मलमात काय असतं ते नाही.

या डब्यांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, असली नावं. हे मलम कातडीखालच्या रक्ताच्या बारीक नळ्या आवळून टाकतं, म्हणून चेहरा उजळ दिसतो. सूज, पुरळ, खाज दाबून टाकतं, म्हणून गुळगुळीत दिसतो. आठ दिवसांतला रिझल्ट म्हणतात तो हा. पण महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, केस उगवतात, मुरुमं येतात, आणि चेहऱ्याला त्याची दारूसारखी सवय लागते. बंद केलं की आवळलेल्या नळ्या एकदम सुटतात, चेहरा पेटतो. बाई घाबरून पुन्हा डबी मागते. आपण म्हणतो, “पाहा, माझ्याच क्रीमनं बरं वाटलं ना?”

आणि हीच डबी घरात नवरा जांघेतल्या नायट्याला लावतो. खाज थांबते, पण नायटा आतून पसरत राहतो, आणि मग डॉक्टरची औषधंही लवकर लागू पडत नाहीत. दवाखान्यात आलेल्या नायट्याच्या रुग्णांपैकी किती जण आधी असलं काही चोपडून येतात, ते कुठल्याही चर्मरोगतज्ज्ञाला विचारा.

काही जणी म्हणतील, डॉक्टरसुद्धा असली ट्यूब लिहून देतातच की. देतात. वांगासाठी, म्हणजे गालावरच्या काळ्या डागांसाठी, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड ही तीन औषधं एकत्र देण्याची रीत जुनी आहे. १९७५ मध्ये क्लिगमन नावाच्या अमेरिकी चर्मरोगतज्ज्ञानं ती मांडली. पण ती थोडे आठवडे, फक्त रात्री, फक्त डागावर, आणि दिवसा उन्हापासून जपून. (त्याच १९७५ साली आपल्याकडं फेअर अँड लव्हली बाजारात आली. २०२० मध्ये कंपनीनं नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. नाव बदललं, पण गिऱ्हाईक खुर्चीत बसून मागते ते अजून तेच मागते.)

उन्हाचं तर आपण कुणी मनावरच घेत नाही. ट्रेटिनॉइन असो की पार्लरमधलं केमिकल पील, दोन्हींनी वरची कातडी सोलून कोवळी होते. मोठ्या शहरात पील करून बाई एसीच्या गाडीतून एसीच्या ऑफिसात जाते. आपलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी पराटीत निंदायला जाते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि ऑक्टोबरचं ऊनही काही दयाळू नसतं. त्या कोवळ्या कातडीवर ऊन पडलं की डाग आधीपेक्षा काळा होऊन बसतो. वांग घालवायला आलेली बाई दुप्पट वांग घेऊन घरी जाते आणि आपल्या नशिबाला दोष देते.

सरकारनं याबद्दल काहीच केलं नाही असं नाही. २०१८ मध्ये चौदा प्रकारची स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ट्यूबच्या खोक्यावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते, ती पाहा. लाल रेघ असली की ते औषध, सौंदर्यप्रसाधन नाही. पण आपल्या चौकातल्या मेडिकलात “ती गोरं होण्याची ट्यूब द्या” म्हटलं की चिठ्ठी कोण विचारतो? मेडिकलवाल्या भाऊंना मी वेगळं पत्र लिहिणार आहे, आज फक्त आपल्या घरातलं बोलते.

आता पाऱ्याचं. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती, आठवते? एका घरातल्या आई आणि दोन मुली, तिघींच्या किडन्यांना सूज. तपास मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेला आणि घरात लावल्या जाणाऱ्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा निघाला. क्रीम घेतलेली स्थानिक पार्लरवालीकडून. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही, कारण ती पार्लरवाली मी असू शकले असते. तिच्या आणि माझ्या डबीत काय फरक होता, हे मलाही सांगता आलं नसतं.

पारा कातडीत रंग बनवण्याचं काम बंद पाडतो, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीवरच थांबत नाही. रक्तात उतरतो, किडनीत जाऊन बसतो. उशीला लागतो, टॉवेलला लागतो, आईच्या गालाला गाल लावणाऱ्या लेकराला लागतो. आपल्याकडच्या कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० मध्ये साध्या क्रीमला पाऱ्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग आहे, तीही चुकून आलेल्या पाऱ्याची. मुद्दाम घालायला परवानगीच नाही. म्हणजे ज्या डबीत पारा घातलाय, तिच्यावर खरं नाव-गाव लिहिणारा मूर्खच म्हणायचा. म्हणून तर झाकणावर नुसतं ‘नाइट’.

डब्यांपाठोपाठ आपल्याकडं सुया आल्या. गेल्या वर्षी एक ‘डॉक्टर’ दर रविवारी माझ्या पार्लरमध्ये येऊन गोरेपणाचं सलाइन लावू लागला. ग्लुटाथायोन, म्हणजे बायांच्या तोंडी ‘ग्लुटा’. एका बाटलीचे चार हजार, त्यातले आठशे माझे. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे दोन बाटल्यांत जवळजवळ एक क्विंटल कापूस गेला, आणि असल्या सात-आठ बाटल्या घ्याव्या लागतात असं तो सांगे. डिग्री विचारली तर हसला, म्हणाला, “ताई, तुम्ही गिऱ्हाईक आणा, डिग्री मी पाहून घेतो.” गोरं करण्यासाठी या इंजेक्शनला आपल्याकडं मान्यता नाही, हे तो बोलला नाही, आणि मी विचारलंही नाही.

तिसऱ्या रविवारी एका बाईला सलाइन लावून पाच मिनिटं झाली नसतील, तिला दरदरून घाम सुटला, ओठ पांढरे पडले, डोळे फिरले. डॉक्टर बाहेर मोबाइलवर बोलत होता. मी नळी बंद केली, तिला जमिनीवर आडवी घेतली, पाय उशीवर ठेवले. तो आत आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. अशा वेळी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी लागतं, हे मला नंतर कळलं. त्याच्या बॅगेत ते नव्हतं. बाईचं नशीब बलवत्तर, ती सावरली. उठून बसल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, “उरलेली बाटली पुढच्या खेपेला चालेल का?” चार हजारांचा प्रश्न होता ना. मी तिच्यावर हसू शकले नाही. तिचे पैसे मी माझ्या गल्ल्यातून परत केले आणि त्या माणसाला पुन्हा पाय ठेवू दिला नाही. आता तो दुसऱ्या कुणाच्या तरी पार्लरला जातो, हे मला माहीत आहे. कुणाच्या, तेही माहीत आहे. बाई, हे तुझ्यासाठी आहे.

डर्मा रोलर वापरणाऱ्यांनी आपला रोलर एकदा उजेडात धरून पाहावा. त्या बारीक सुयांच्या मुळाशी जे तपकिरी दिसतं, ते आधीच्या गिऱ्हाइकाचं रक्त आहे. स्पिरिटमध्ये बुडवून काढलं म्हणजे झालं, असं नाही. ‘हिपॅटायटिस बी’ नावाची कावीळ अशीच पसरते. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका पार्लरमध्ये ‘व्हॅम्पायर फेशियल’ (आपलंच रक्त काढून सुयांनी चेहऱ्यात सोडायचं) करून घेतलेल्या बायांना एचआयव्ही झाला. २०१८ मध्ये ते पार्लर बंद पाडलं गेलं. अमेरिकेत असं होतं, तर आपण एकच रोलर सहा जणींच्या गालावरून फिरवतो तेव्हा काय होत असेल, त्याचा विचार करा.

आणि हप्त्यावर लेसर मशीन घेणाऱ्यांनो. लेसर काळा रंग शोधून त्याला तापवतो. केसातला काळा आणि कातडीतला काळा, दोघांतला फरक त्याला पुरता कळत नाही. गोऱ्या कातडीत केस एकटा काळा असतो, म्हणून तिथं सोपं पडतं. आपल्या रंगाला खोल जाणारी वेगळी लेसर लागते, १०६४ नॅनोमीटरची एनडी-याग, आणि ती चालवणारा शिकलेला हात. एका दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये तो हात तयार होत नाही. आपल्याच एका मैत्रिणीच्या मशिननं एका पोरीच्या पिंडरीवर चौकोनी डागांची रांग उठवली आहे, बिडाच्या तव्यावर चटका बसावा तशी. मशिनचे हप्ते अजून चालू आहेत.

पोरांचंही सांगते, कारण त्यांच्यातही हे शिरलंय आणि त्यावर कुणी बोलत नाही. वावर आहे पण नोकरी नाही म्हणून तिशी उलटली तरी मुलगी मिळत नाही, त्यात डोक्यावर चंद्र दिसायला लागला की घरचेच म्हणतात, केस लावून ये. पोरं नागपूरला जातात, जाहिरातीत स्वस्त दिसेल तिथं टाळू सुयांनी भोकसून घेतात. केस लावणं ही शस्त्रक्रिया आहे. ती तसं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरानंच करायची असते. सलूनच्या वरच्या मजल्यावरची ती गोष्ट नव्हे. यापलीकडं या विषयात मला कळत नाही.

तुमच्यातल्या काहींचं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. “तू बंद केलंस म्हणून गिऱ्हाईक थांबणार आहे का? शेजारच्या गल्लीत जाईल.” जाईल. माझं गेलंच. पहिले अडीच महिने गल्ला निम्म्यावर आला, आणि नवऱ्यानं दोनदा विचारलं, “चांगला चाललेला धंदा काहून मोडून राह्यली?” एक आई तर माझ्यावरच उखडली. म्हणाली, “तुमच्या पोरीचं लग्न झालं ना, म्हणून तुम्हाला शहाणपण सुचते. माझी अजून घरात हाय.” त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

कारण त्या आईचं खोटं नाही. बायोडाट्यात ‘गोरी, सडपातळ’ लिहून मागणारे पाहुणे मी तयार केले नाहीत, तुम्हीही नाही. आणि कीर्तनात उभं राहून “आजकालच्या पोरी नुसत्या नट्टापट्टा करतात” म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण हेच महाराज स्वतःच्या पोरासाठी उजळ मुलगीच पाहतात. पोरींना मी दोष देत नाही. सुंदर दिसावंसं वाटणं हा गुन्हा असता तर माझं पार्लरही गुन्ह्याचंच घर ठरलं असतं, आणि माझ्या दोन्ही पोरी या पार्लरच्या पैशांवर शिकल्या आहेत.

पण आपल्याला जे येतं ते आपलं आहे. आयब्रो, मेहंदी, केसांचं काम, नवरीचा मेकअप, हळदीच्या दिवशीची तयारी, आईला आणि आत्याला साडी नीट नेसवून देणं. वांगाच्या बाईला मी आता क्रीम देत नाही. आधी विचारते, गोळ्या कोणत्या चालू आहेत, बाळंतपण कधी झालं. गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि दिवस राहिल्यावरही वांग येतं, हे कित्येकींना माहीतच नसतं. मग सांगते: वावरात जाताना दुपट्टा नाकावरून बांध, लाल रेघ नसलेलं साधं सनस्क्रीन लाव, आणि डाग फारच असला तर मेडिकलच्या ओपीडीत जा. तिथं माझ्या डबीपेक्षा कितीतरी कमी खर्चात तपासतात. सुरुवातीला बाया हसायच्या. आता दहातल्या तीन-चार ऐकतात.

आणि जिचा चेहरा आधीच डबीला लागलाय, तिला एकदम बंद कर म्हणून सांगू नका. आग उसळते आणि ती घाबरून दुप्पट लावते. तिला डॉक्टरकडं पाठवा, ते हळूहळू सोडवतात. शक्य असलं तर डबी सोबत द्या. आपलं नाव बाहेर येईल म्हणून घाबरू नका. मी तर तोंडानं सांगून आले, अजून जिवंत आहे.

ती पुसदकडची पोरगी आता बरी आहे. शिरांचं जाळं थोडं राहिलंय. तिचा नवरा समजूतदार निघाला, हे तिचं नशीब. माझं त्यात काही श्रेय नाही.

डब्यांचं एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं. पुष्कळ जणी म्हणाल, चला टाकून देऊ. टाकायच्या कुठं? चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नका, पारा धुरातून नाकात जातो. नाल्यात, विहिरीत तर अजिबात नाही. माझ्याकडं अकरा उरल्या होत्या. झाकणं घट्ट लावून, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, वर चिठ्ठी चिकटवून ठेवल्यात. येत्या सोमवारी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात नेऊन देणार आहे आणि माल कुठून येतो तेही लिहून देणार आहे. एकटीनं गेले तर त्या अकरा डब्या एका बाईचं प्रकरण होईल. आपण दहा-बाराजणी गेलो तर त्यांना त्या पोरामागचा मालक शोधावा लागेल.

यवतमाळची सकाळची एसटी साडेआठला लागते. मी आठपासून स्टँडवर, उसाच्या गाड्याजवळ उभी राहीन. आपल्या डब्या पिशवीत नीट बांधून आणा.

तुमचीच,
बसस्टँडमागची पार्लरवाली